काठाला न टेकवता

४ जानेवारी

प्रिय मामा,

‘कामापुरता मामा’ ही म्हण तुम्ही उत्तरात मला ऐकवणारच, म्हणून ती मीच आधी वापरून टाकते. काम आहे म्हणूनच लिहितेय.

आरोग्य खात्याच्या ज्या खोलीत मी बसते तिथे एकही डॉक्टर नाही. चार टेबलं, एक कपाट, आणि कपाटात न मावलेल्या फायली. कुठल्या उपचारावर केलेला खर्च सार्थकी लागतो आणि कुठला नाही, एवढंच आम्ही सांगतो. सध्या माझ्या टेबलावर मुलांचा आळशी डोळा आलाय. तुम्हाला तो नव्याने सांगायला नको. एक डोळा लहानपणापासून धूसर बघतो, मेंदू हळूहळू त्याचं ऐकणं सोडून देतो, आणि डोळा दिसायला धडधाकट पण कामाला बिनकामाचा होऊन बसतो. वेळेत चष्मा दिला आणि चांगल्या डोळ्यावर रोज थोडा वेळ पट्टी लावली, की आळशी डोळ्याला झक मारत काम करावं लागतं आणि तो सुधारतो. वय वाढलं की हेच अवघड होत जातं.

खात्याने दोन गावांत, त्यात तुमचंही, पहिलीच्या सगळ्या मुलांचे डोळे तपासून पाहिले. आता ही तपासणी सगळीकडे न्यायची की बंद करायची, ते वीस मार्चच्या बैठकीत ठरेल. टिपण मी लिहायचंय. आमच्या साहेबांना सगळं ऑफिस वजाबाकीसाहेब म्हणतं. त्यांचं म्हणणं, एका डोळ्याने माणूस सगळं करतो, मग दुसऱ्यावर खर्च म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

म्हणून तुम्हाला एक प्रश्न. समजा तुमची दहा वर्षं उरली आहेत. दोन्ही डोळे उत्तम मिळणार असतील, तर त्या दहांतली किती वर्षं सोडून द्याल?

प्रश्न अभद्र आहे, पण आमच्या कामात असंच विचारतात. माणूस जितकी वर्षं सोडायला तयार, तितकी त्या दुखण्याची किंमत. आतापर्यंत एक डोळा आळशी असलेल्या चाळीस अनोळखी माणसांना विचारलं, एकेचाळिसावे तुम्ही. सात वर्षं तुमच्या घरी राहून शिकले, पण तुमचं डोळ्यावाचून काही अडलेलं पाहिल्याचं मला आठवत नाही. तरी खरं काय ते सांगा.

मामीला नमस्कार. तुमच्या नातीला, आपल्या बटणला, एक पापा.

टेबल नंबर तीनवरून,
तुमची भाची


१२ जानेवारी

चि. आकडेबाईंना घड्याळाच्या दुकानातून आशीर्वाद.

म्हण तू वापरलीस, पण मान माझा आहे, तेव्हा मीही वापरतो. कामापुरता का होईना, मामा आठवला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: एक मिनिटही नाही. आणि मिनिटाची किंमत तुझ्या सगळ्या खात्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे.

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं म्हणतात. मला त्याने दीड दिले आणि मी कधी तक्रार केली नाही. अगं, घड्याळजीला लागतो एकच डोळा. भिंग एकाच डोळ्याला लावतात. बाकीच्यांना दुसरा मिटून घ्यायचे कष्ट पडतात, माझा जन्मतःच रजेवर आहे. चाळीस वर्षं मी केसाएवढ्या स्प्रिंगा सरळ केल्या. मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या त्या मोठ्या कारखान्याची नोकरी लाथाडून हे दुकान टाकलं, ती कथा तुला पाठच आहे. एका डोळ्यावाचून माणसाचं काही अडत नाही, अडतं ते अकलेवाचून. हे वाक्य वाटलं तर तुझ्या टिपणात घाल.

मामी म्हणते, उत्तर देण्याआधी जरा विचार करा. मी म्हटलं, विचार करायला दोन डोळे थोडेच लागतात.

दुकानात काम फार आहे. शाळेचं भिंतीवरचं जुनं घड्याळ दुरुस्तीला आलंय, माझ्याहून वयाने मोठं आणि माझ्याइतकंच हट्टी.

तुझा दीड डोळ्यांचा
मामा


३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुमचं वाक्य मी खरंच घातलं. टिपणाच्या अगदी वर, ‘एका अनुभवी घड्याळजींच्या शब्दांत’ असं म्हणून. वजाबाकीसाहेबांनी त्याखाली लाल पेनाने दोनदा रेघ ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदा मला चहा पाजला.

हिशेब सरळ आहे. एका मुलाची तपासणी, चष्मा, पट्ट्या आणि दवाखान्याच्या खेपा मिळून तुमच्या दुकानातल्या एका मध्यम घड्याळाएवढा खर्च येतो. फार नाही. पण त्या बदल्यात काय मिळतं? चाळीस जणांपैकी बहुतेकांनी तुमच्यासारखंच सांगितलं, काही अडत नाही. म्हणजे दुसऱ्या डोळ्याची किंमत जवळजवळ शून्य. फायदाच नसेल तर थोडासा खर्चही वायाच.

बैठकीत ही तपासणी बंद होईल असं दिसतंय. मला आनंद व्हायला हवा, कारण टिपण चोख झालंय. तरी कुठेतरी टोचतंय, आणि काय टोचतंय ते सापडत नाही.

अरे हो, बटणच्या शाळेतही तपासणी झाली असेल ना? ती पास झाली का?

तुमची भाची


१९ फेब्रुवारी

मामा,

सोळा दिवस झाले. तुम्ही कुणाचं घड्याळ सोळा दिवस ठेवून घेत नाही, मग माझं पत्र कसं ठेवलंत? ‘अनुभवी’ म्हटलं ते झोंबलं का? बदलून ‘तरुण’ करते, पण रुसवा सोडा.

भाची


२६ फेब्रुवारी

बाळ,

मामी लिहितेय. मामा रुसलेले नाहीत. तुला कळवायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती. ती आज मी मोडली, काय व्हायचं ते होऊ दे.

पाच तारखेला त्या शाळेच्या घड्याळाची मुख्य स्प्रिंग उघडताना हातातून सुटली आणि त्यांच्या उजव्या डोळ्यावर बसली. उजव्या म्हणजे चांगल्या. एवढ्या मोठ्या घड्याळाला कशाला हवं म्हणून भिंगही काढून ठेवलं होतं. डोळ्यात आत रक्त साचलं. तेव्हापासून डोळ्यावर झाकण आहे आणि उशा रचून बसवून ठेवलंय. डॉक्टर म्हणतात नजर येईल, पण किती येईल ते रक्त ओसरल्यावर.

तोवर त्यांच्याकडे तो रजेवरचा डोळाच आहे. बाळ, त्यांना त्या डोळ्याने काही दिसत नाही. म्हणजे खिडकी दिसते, कोणीतरी उभं आहे ते दिसतं. कोण ते दिसत नाही. पहिल्या दिवशी नर्सला माझं नाव घेऊन हाक मारली. ताटातला घास सापडेना तेव्हा म्हणाले भूक नाही. चाळीस वर्षं संसार केला आणि तो डोळा इतका गेलेला आहे हे मला माहीत नव्हतं.

तुझं तीन तारखेचं पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं. शून्य म्हणालीस तिथे त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

आता दुसरं. बटण रोज दवाखान्यात येते. आजोबांना पाणी द्यायचं काम तिने स्वतःकडे घेतलंय. परवा नर्स बघत होती. म्हणाली, ही मुलगी बाटली ग्लासाच्या काठाला टेकवूनच का ओतते? मी म्हटलं, आमच्या घरची पद्धतच आहे ती. चहा असो, पाणी असो, आम्ही सगळे टेकवूनच ओततो. यांनी मला लग्नानंतर तसंच शिकवलं, मुलाला शिकवलं, तुलाही शिकवलं. सांडत नाही, आवाज होत नाही, चांगली सवय आहे असं मला वाटायचं. नर्सने बटणला सांगितलं, न टेकवता ओत बघू. सगळं पाणी टेबलावर. मग तिने बटणचा उजवा डोळा हाताने झाकला तर पोरीने हात ओढून काढला आणि रडायला लागली, दिवा का घालवला म्हणून.

घरी येऊन मी दुकानाचा खण उपसला. घड्याळाच्या जुन्या काट्यांखाली शाळेची चिठ्ठी सापडली. नोव्हेंबरची. डावा डोळा कमजोर, लवकर दाखवा. बटणचे आईबाबा, म्हणजे तुझे दादा-वहिनी, दोघं कामावर असतात म्हणून चिठ्ठी यांच्या हातात पडली होती. यांनी खणात टाकली. विचारलं तर म्हणाले, आपल्या घरातला डोळा आहे तो, माझं काय अडलं?

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पण रात्री रडले.

बटणला डॉक्टरांनी तपासलंय. चष्मा मिळाला. पट्टीही दिलीय, रोज दोन तास. ती लावू देत नाही.

तू बैठक सोडून धावत येऊ नकोस. आधी तिथलं निस्तर.

तुझी मामी


२ मार्च

प्रिय मामी, आणि मामीने वाचून दाखवलं तर ऐकणारे मामा,

तुझं पत्र वाचून मी ऑफिसातल्या पाण्याच्या जगमधून ग्लासात पाणी ओतलं. टेकवून. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना विचारलं, तुम्ही कसं ओतता? त्यांनी कुठेही न टेकवता वरूनच ओतून दाखवलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. हजारो मुलांचे डोळे मी टेबलावर मोजत होते आणि आपल्या घरातलं पोर मला दिसलं नाही. दिसणार कसं, सगळं घरच एका डोळ्याच्या, अंतराचा अंदाज न येणाऱ्या माणसासारखं पाणी ओततं. घरात कोणी वेगळं ओतत असतं तर बटणचं कधीच उघडं पडलं असतं.

काय टोचत होतं तेही सापडलं. माझ्या हिशेबात चांगला डोळा चांगलाच राहणार, हे मी धरूनच चालले होते. मी ज्या चाळिसांना विचारलं त्या सगळ्यांचा चांगला डोळा शाबूत होता. ज्यांचा तोही गेला, ती माणसं माझ्या यादीत नव्हतीच. ती दुसऱ्या मजल्यावर, अंधांच्या नोंदवहीत होती. काल दिवसभर मी ती वही वाचली. फटाका, तारेचं टोक, उतारवयातलं दुखणं. अशा कितीतरी नोंदींसमोर एकच वाक्य, दुसरा डोळा पूर्वीपासून आळशी. आळशी डोळा म्हणजे नुसता कमी पडणारा डोळा नाही मामा, गाडीत जादा म्हणून ठेवलेलं पंक्चर चाक आहे ते. पहिलं चाक बसेपर्यंत कोणाला कळत नाही.

आता अवघड भाग. टिपण साहेबांकडे गेलंय. मी नवे आकडे जोडू शकते, पण तुमचं वाक्य त्यांना तोंडपाठ झालंय, ते बैठकीत म्हणणारच. ते वाक्य खरं असेल तर तसंच राहू दे. खोटं असेल तर तुम्हीच मागे घ्यायला हवं. माझ्या हातात फक्त प्रश्न आहे, आणि तो मी पुन्हा विचारते. दहांतली किती?

बटणच्या पट्टीचं मात्र थांबवू नका. ती सहा वर्षांची आहे. अजून वेळ आपल्या हातात आहे.

तुमची भाची


११ मार्च

आकडेबाई,

मी सांगतोय आणि मामी लिहितेय. ती मध्ये मध्ये थांबते, ते तू समजून घे.

माझा जबाब मी परत घेतो. पोटात एक आणि ओठात एक, असं मी चाळीस वर्षं केलं. आता सांगतो तसं लिहून घे, सजवू नकोस.

कारखान्याची नोकरी मी लाथाडली नाही. बावीस वर्षांचा होतो. लेखी परीक्षेत पहिला आलो. मग एका खोलीत नेलं, टेबलावर दोन डोळ्यांनी बघायचं सूक्ष्मदर्शक होतं. त्याखाली दोन सुयांची टोकं जुळवायची होती. माझी सुई कधी पुढे जायची, कधी मागे राहायची. तिसऱ्या खेपेला साहेबाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, तुझ्या हातात दोष नाही रे, डोळ्यात आहे. घरी येऊन मी सांगितलं की मला कोणाची चाकरी करायची नाही. सगळ्यांनी पाठ थोपटली. मग खरं सांगायची संधी कधी आलीच नाही. (हे मलाही आज कळलं. मामी.)

जिना मी मोजून उतरतो. आपल्या घराच्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत, तू सात वर्षं राहिलीस, तुला माहीत आहे का किती ते? मला प्रत्येक घराच्या माहीत आहेत. पाणी टेकवून ओततो कारण धार कुठे पडेल ते मला दिसत नाही. लाज वाटू नये म्हणून ती घराची पद्धत करून टाकली.

आणि बटण जन्मली तेव्हाचं. दादाने तिला माझ्या हातात द्यायला पुढे केलं. मी मागे सरकलो. त्याचे हात कुठे संपतात आणि माझे कुठे सुरू होतात, ते मला कळेना. मी आधी खाली बसलो आणि म्हटलं, मांडीवर ठेव. सगळे म्हणाले, आजोबा किती जपतात. तेव्हापासून माझ्या हातात कोणी मूल देत नाही, मीच बसून घेतो.

ती चिठ्ठी मी खणात टाकली कारण ती वाचल्यावर मला हे सगळं आठवलं. पोरीवर अन्याय केला. माझा अहंकार तिच्या डोळ्यावर झाकण म्हणून बसवला.

तुझं उत्तर. माझ्या दहांतली चार देईन. महिनाभरापूर्वी विचारलं असतंस तर खरं उत्तर दोन आलं असतं, आणि आजार्‍याच्या खाटेवरून नऊ म्हणावंसं वाटतंय, म्हणून मी मधला आणि प्रामाणिक आकडा देतोय. घड्याळ लावताना मी कधी पुढे लावत नाही. बटणच्या डोळ्यासाठी विचारत असशील तर दहाच्या दहा, पण ते तुझ्या तक्त्यात बसणार नाही.

रक्त ओसरतंय. आज सकाळी झाकण काढल्यावर मामीच्या कपाळावरची आठी दिसली. ती होतीच.

मामा


२१ मार्च

प्रिय मामा,

जिंकलो.

आता सविस्तर. लांब टेबल, पाच जण, मधे पांढऱ्या केसांच्या अध्यक्षबाई, भिंतीवर एक मध्यम घड्याळ. वजाबाकीसाहेब उठले आणि माझ्या टिपणापेक्षा तुमचं वाक्य त्यांनी आधी म्हटलं. एका डोळ्यावाचून माणसाचं काही अडत नाही, अडतं ते अकलेवाचून. सगळे हसले.

मी म्हटलं, त्याच घड्याळजींचं नवं पत्र आलंय, वाचते. जिन्यापर्यंत वाचताना आवाज नीट होता. बाळापाशी आले तेव्हा नव्हता.

साहेब म्हणाले, पत्र हृदयस्पर्शी आहे, पण एका माणसाने मत बदललं म्हणून हिशेब बदलत नाही. मामा, त्यांचं बरोबर होतं, आणि मला हे ते म्हणणार हे माहीत होतं. गेले दहा दिवस मी त्या चाळीस जणांकडे पुन्हा गेले होते. या वेळी किती वर्षं द्याल हे शेवटी विचारलं. आधी विचारलं, पाणी कसं ओतता? जिना कसा उतरता? कुठली नोकरी सुटली? एकतीस जण टेकवून ओततात. एका शिंप्याने मला विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं? त्याच्या बायकोलाही माहीत नव्हतं. हे सगळं बोलून झाल्यावर ज्यांनी आधी ‘काही नाही’ म्हटलं होतं, त्यांचे आकडे बदलले. तुमच्याएवढे नाहीत, पण शून्य तर मुळीच नाहीत.

मग दुसऱ्या मजल्यावरची वही मांडली. दोन्ही एकत्र धरलं तर एका मुलाला मिळणारं धडधाकट आयुष्याचं एकेक वर्ष खात्याला किती स्वस्त पडतं, ते फळ्यावर लिहिलं. खातं ज्या उपचारांवर डोळे मिटून खर्च करतं त्यांच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंसुद्धा नाही. मी भिंतीकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, एका मुलाचा पूर्ण खर्च म्हणजे ते घड्याळ. अशी या इमारतीत साठ आहेत आणि त्यांतली निम्मी बंद आहेत.

साहेब तरीही म्हणाले, पाणी ओतण्यात एवढं काय आहे?

टेबलावर पाण्याचा जग होता. मी म्हटलं, एक डोळा मिटा आणि ओता, फक्त टेकवायचं नाही. अध्यक्षबाईंनी स्वतः ग्लास हात लांब करून धरला. साहेबांनी डोळा मिटला, ऐटीत जग उचलला, आणि धार सरळ टिपणावर. त्यांनीच लाल रेघ ओढलेल्या वाक्यावर. शाई पसरली, वाक्य वाचता येईना.

अध्यक्षबाई म्हणाल्या, “साहेब, हे किती लिहून घेऊ? शून्य?”

मग हशा झाला त्यात साहेबही हसले. पाच विरुद्ध शून्य. येत्या एप्रिलपासून प्रत्येक शाळेत तपासणी, चष्मा आणि पट्ट्या खात्याकडून. संध्याकाळी साहेब माझ्या टेबलाशी आले, ओला कागद परत दिला आणि म्हणाले, वजाबाकीत मी हातचा विसरलो होतो. एवढा मोठा माणूस असं म्हणतो तेव्हा त्याला नाव ठेवणं सोडायला हवं. बघू.

बटणला सांगा, तिच्यामुळे आता हजारो पोरांना पट्टी लागणार आहे. ती माझ्यावर चिडेल. आणि तुम्ही घाई करू नका. पी हळद नि हो गोरी असं यात नसतं, महिने लागतात.

तुमची विजयी
भाची


३० एप्रिल

चि. विजयी बाईंना आशीर्वाद.

हे माझं स्वतःचं अक्षर आहे, बघून घे. उजवा डोळा परत आला. डॉक्टर म्हणतात पुढे मोतीबिंदू लवकर येईल. मी म्हटलं, येऊ दे, तोवर त्याला कामाला लावतो. तुझं बैठकीचं पत्र मी आल्या-गेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वाचून दाखवलं. टिपणावर पाणी सांडतं तिथे सगळ्यांना दोनदा ऐकायचं असतं.

आता आमच्या लढाईची बातमी. बटण पट्टी लावेना. लावली तर वरून फटीतून बघायची. एकदा पट्टी सापडली दुकानातल्या कोकिळेच्या घड्याळावर, कोकिळेच्या डोळ्याला चिकटवलेली. शेवटी मी करार केला. तिच्या दोन तासांत मीही माझ्या चांगल्या डोळ्यावर पट्टी लावणार. आजोबा फटीतून बघताना सापडले तर तिला एक घड्याळ उघडायला मिळणार.

तेव्हापासून ती माझ्यावर डोळ्यात तेल घालून पहारा करते, आणि पहारा करायला तिला आळशी डोळाच वापरावा लागतो. हे तिला अजून कळलेलं नाही, तू सांगू नकोस.

चार ते सहा आम्ही दोघं समोरासमोर बसतो. मी तिला स्क्रूंचा डबा देतो, मोठे, मध्यम, बारीक वेगळे करायला. पहिल्या आठवड्यात तिने सगळे एकत्रच केले आणि मी काही करू शकलो नाही, मला तर डबाही दिसत नव्हता. गिऱ्हाईक आलं की मामी बाहेर येते आणि म्हणते, दुकान चालू आहे, दुकानदार सहाला उघडतील.

परवा बटणने सर्वांत बारीक स्क्रू शोधून काढला. तो मी दोन वर्षं शोधत होतो.

तुझा मामा


१४ जून

प्रिय मामा,

पहिल्या महिन्याचे, एप्रिलचे, आकडे आले. नव्या शाळांत चिठ्ठ्या गेल्या आणि दहांतली आठ मुलं दवाखान्यात पोचलीसुद्धा. चिठ्ठीवर आता एक ओळ जास्त छापतो. ‘ही चिठ्ठी खणात ठेवू नये.’ साहेबांनी विचारलं, ही ओळ कशाला? मी म्हटलं, एका अनुभवी घड्याळजींचा सल्ला आहे.

तो करार तुम्हाला भारी पडतोय असं मामी लिहिते. म्हणते, दोन तासांत दोनदा दाराला आपटता. तुमचा डोळा आता सुधारायचा नाही मामा, आणि तुम्हाला ते माहीत आहे. मग अजून का लावता?

बटणची पुढची तपासणी कधी आहे? मला झोप नाही.

भाची


२ सप्टेंबर

चि. आकडेबाई,

का लावतो, ते आधी. ती सहा वर्षांची पोर एका धूसर जगात रोज दोन तास एकटी बसणार होती. मी त्या जगात साठ वर्षं राहिलेला माणूस आहे. वाट दाखवायला नाही, पण सोबतीला बरा.

काल तपासणी होती. मामी, दादा, वहिनी, मी, सगळे गेलो. नर्स तीच. फेब्रुवारीत बटणला तक्त्यावरचं सर्वांत वरचं एक अक्षर दिसलं होतं आणि तेही अंदाजाने. काल उजवा डोळा झाकून ती वाचत गेली. दुसरी ओळ, तिसरी, चौथी. पाचव्या ओळीला थांबली तेव्हा दादाने माझा दंड धरला. ती म्हणाली, “थांबा, मी नाक पुसते,” आणि पुसून ती ओळ वाचली. सहावीतलं एक चुकलं. डॉक्टर म्हणाले, पट्टी आता हळूहळू कमी करायची, पण डोळ्यांवर लक्ष ठेवायचं. वहिनी तिथेच खुर्चीवर बसून रडली. मी रडलो नाही. दुकानात येऊन रडलो.

आज चार वाजता पट्ट्या लावायच्या होत्या. तिने माझी खिशात घातली आणि म्हणाली, आजोबा, तुमची सुट्टी. मग बाटली आणली, माझा ग्लास काउंटरवर ठेवला. मी सवयीने म्हणालो, टेकवून ओत गं. तिने बाटली वर धरली, वीतभर वर, आणि ओतायला लागली. गेल्या वेळी असं ओतलं तेव्हा टेबल पुसायला फडकं लागलं होतं, म्हणून मामी फडकं घेऊन दारात उभी होती. ग्लास भरला. काउंटर कोरडा होता. मामी फडकं घेऊन तशीच आत गेली.

बटणने ग्लास उचलून माझ्याकडे पुढे केला. मी बसलो नाही, काउंटरवर ठेव असंही म्हणालो नाही. हात पुढे केला. तिने तो बरोबर माझ्या हातात दिला, माझे हात कुठे सुरू होतात ते तिला दिसत होतं.

मी पाणी प्यालो नाही लगेच. ग्लास धरून उभा राहिलो. घड्याळ न्यायला आलेलं गिऱ्हाईक म्हणालं, काय हो, पाण्यात काय बघताय?

म्हटलं, काही नाही. वेळेत झालं.

मामा